फोटोओळीत नाव नव्हतं

ठिपक्यांचा झगा, गोल काचांचा चष्मा, एका बाजूला उलटा उभा केलेला झाडू, दुसऱ्या बाजूला मॉप आणि मागं भिंतीवर वरपासून खाली सोडलेला अमेरिकेचा झेंडा. झेंडा जरा धूसर, बाई मात्र लख्ख. चेहऱ्यावर राग नाही, लाचारीही नाही. दिवसभराचं काम अजून बाकी असलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा.

हा फोटो गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णीय छायाचित्रकारानं ऑगस्ट १९४२ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका सरकारी इमारतीत काढला. त्याचं वय तेव्हा एकोणतीस. पुढं या फोटोला ‘अमेरिकन गॉथिक’ हे नाव चिकटलं. ग्रँट वुडच्या १९३० सालच्या त्याच नावाच्या चित्रात हातात दाताळं धरलेला एक गोरा शेतकरी आणि शेजारी एक बाई, अशी दोघं घरासमोर ताठ उभी आहेत. अमेरिकेच्या घराघराला माहीत असलेलं चित्र. पार्क्सच्या फोटोत दाताळ्याच्या जागी झाडू आला आणि घराच्या जागी झेंडा.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कराडला एका दैनिकासाठी फोटो काढत होतो. पगार नव्हता, छापून आलेल्या फोटोमागं पैसे मिळायचे. ज्यांच्या डार्करूममध्ये मी हायपोचे, म्हणजे फोटो पक्के करायच्या रसायनाचे, हात करून घेत होतो, त्या मास्तरांकडं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यातलं ते पान त्यांनी माझ्यासमोर उघडून धरलं आणि एवढंच म्हणाले, “बघ. एका फ्रेममध्ये सगळं आलं.”

मी बघितलं आणि चुकीचं शिकलो.

म्हणजे असं, की मला त्यात एक युक्ती दिसली. गरीब माणूस पुढं, मोठा शब्द मागं. ही युक्ती आमच्या धंद्यात फार चालते. ‘गरिबी हटाव’च्या फलकाखाली झोपलेला भिकारी, ‘मुबलक पाणी’ लिहिलेल्या टाकीखाली घागरींची रांग. उपसंपादक खूश, वाचक खूश, आणि आपण संध्याकाळच्या चहाला जरा ताठ बसतो. १९९४ च्या एक ऑक्टोबरला पहाटे मी असाच एक फोटो मिळवला. नगरपालिकेच्या भिंतीवर निळ्या रंगात ‘स्वच्छ शहर, सुंदर शहर’ आणि त्याखाली खराटा मारणारी एक मावशी, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, धुळीत अर्धी बुडालेली. मागून कोवळं ऊन आल्यामुळं धूळ चमकत होती. मी तीन फ्रेम मारल्या, तिला कळायच्या आत. दुपारी रोल धुतला, संध्याकाळी प्रिंट काढली आणि पाकीट कोल्हापूरच्या एसटीच्या कंडक्टरकडं दिलं. सकाळी पहिल्या पानावर! फोटोओळ होती : ‘गांधी जयंतीच्या पूर्वसंध्येला शहर लख्ख करण्यात मग्न असलेली सफाई कामगार.’

चार दिवसांनी मावशी मला शोधत चहाच्या गाड्यावर आली. भांडायला आली असेल म्हणून मी आधीच तोंड गोड केलं.

“दादा, फोटू तुमीच काढला न्हवं?”

“हो मावशी. चांगला आलाय ना?”

“चांगला हाय. पर हाक तरी मारायची हुती. डोस्क्याचं फडकं सोडलं असतं, पदर नीट घ्येतला असता.” मग थोडं थांबून, चहाच्या ग्लासाकडं बघत, “लेकीला पाव्हणं बघून गेल्यात. त्यास्नी सांगितलं हुतं, नगरपालिकेत शिपाई हाय म्हणून. आता समद्या गावानं बगितलं.”

तिचं नाव मी इथंही लिहीत नाही. छापायला हवं होतं तेव्हा विचारलं नाही, आता विचारायची सोय नाही.

पार्क्सची बाकीची गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी कळली, तुकड्यातुकड्यांनी. कॅन्ससमधल्या फोर्ट स्कॉट या गावात १९१२ साली जन्म, पंधरा भावंडांतलं शेंडेफळ. पोहता येत नाही हे ठाऊक असलेल्या तीन गोऱ्या पोरांनी एकदा त्याला मार्मटन नदीत ढकलून दिलं होतं. आई गेल्यावर त्याला मिनेसोटात सेंट पॉलला बहिणीकडं पाठवलं. मेव्हण्यानं ऐन थंडीत घराबाहेर काढलं. रात्रभर ट्रामच्या फेऱ्या मारत ऊब घेणं, कुंटणखान्यात पियानो वाजवणं, हॉटेलात खरकटी उचलणं, पुढं रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये वेटर. प्रवासी वाचून टाकून गेलेल्या मासिकांत त्याला दुष्काळानं देशोधडीला लागलेल्या शेतमजुरांचे फोटो दिसले. सिएटलला गाडी थांबली असताना त्यानं गहाणवटीच्या दुकानातून एक जुना कॅमेरा उचलला. शिकवायला कुणी नव्हतं. कपड्यांच्या एका दुकानासाठी केलेल्या पहिल्याच कामात सगळ्या फोटोंवर दुसरे फोटो उमटले, एकच वाचला. तो मोठा करून दुकानात लावला आणि बॉक्सर जो लुईच्या बायकोनं तो बघितला. तिच्या आग्रहानं तो शिकागोला गेला. तिथल्या कामावर त्याला रोझेनवाल्ड फेलोशिप मिळाली आणि १९४२ मध्ये तो वॉशिंग्टनला पोहोचला, ज्या सरकारी खात्यासाठी ते शेतमजुरांचे फोटो काढले गेले होते त्याच खात्यात.

खात्याचा प्रमुख रॉय स्ट्रायकर. त्यानं पहिल्या दिवशी पार्क्सचा कॅमेरा कपाटात ठेवून घेतला आणि सांगितलं, जा, गावात जेवण कर, एक कोट घे, सिनेमा बघ. पार्क्स परत आला तेव्हा पोटात अन्न नव्हतं, अंगावर कोट नव्हता आणि सिनेमाही झाला नव्हता. जेवणाच्या काउंटरवर मागच्या दारानं ये म्हणाले, दुकानात ताटकळत ठेवलं, थिएटरात आत घेतलं नाही. देशाची राजधानी, आणि देश हिटलरशी लढत होता. आता कॅमेरा द्या, म्हणाला. स्ट्रायकरनं विचारलं, काय करणार? नुसता एक हलकट गोरा उभा करून फोटो काढलास तर तो फोटोत कुणाच्याही आजोबासारखा दिसेल. आधी इथली झाडलोट करणारी बाई आहे तिच्याशी बोल.

ती एला वॉटसन. वडिलांना झुंडीनं ठार मारलेलं. नवरा गोळी घालून मारला गेला, दुसरी मुलगी जन्मायच्या दोन दिवस आधी. सव्वीस वर्षं सरकारी नोकरी, वर्षाला १,०८० डॉलर, आणि त्यात सहा माणसांचं घर. पार्क्सनं हे ऐकलं आणि तिला झेंड्यापुढं उभं केलं. म्हणजे माझ्या डोळ्यांत भरलेली ती फ्रेम पार्क्सच्या रागाची होती, आणि तो राग ताजा होता. पुढं आत्मचरित्रात त्यानं स्वतःच कबूल केलं की तो फोटो जरा भडकच झाला, ओढूनताणून उभा केलेला. स्ट्रायकरनं तो बघून, आता आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या घालवणार तू, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. पण तिच्यामागं आणखी जा, असंही सांगितलं.

तो गेला. काही आठवडे जात राहिला. त्या फोटोंच्या निगेटिव्ह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि आज कुणालाही फुकट बघता येतात. एका पावसाळी रात्री मी त्या एकेक करून बघत बसलो, आणि मास्तरांनी उघडलेल्या त्या एका पानाच्या मागं केवढं घर होतं ते कळलं. रिकाम्या कचेरीत रात्री टेबलांमधून झाडणारी एला. घरात बायबल वाचून दाखवणारी एला. कपाटावर मांडलेलं देवघर म्हणावं असं काही : क्रूस, संतांच्या मूर्ती, मेणबत्त्या. देवळातल्यासारखीच गर्दी असलेलं तिचं छोटं चर्च. त्यातला एक फोटो मी फार वेळ बघितला. डाव्या अंगाला दाराच्या चौकटीत एला, भोवती नातवंडं. उजव्या अंगाला ड्रेसिंग टेबल, आणि त्याच्या आरशात दत्तक मुलीचं प्रतिबिंब. आरशाखाली एका जोडप्याचा फ्रेम केलेला जुना फोटो. तीन पिढ्या एका खोलीत, आणि पार्क्सनं कुणालाही ओळीत उभं केलेलं नाही. या फोटोत झेंडा नाही, त्याची गरजही वाटत नाही.

मग माझं लक्ष झेंड्याच्या फोटोच्या मूळ नोंदीकडं गेलं. ‘वॉशिंग्टन डी. सी. सरकारी झाडूवाली.’ एवढंच. नाव नाही. माझ्या फोटोओळीच्या आणि या नोंदीच्या मध्ये बावन्न वर्षं आणि दोन समुद्र होते.

ही तुलना ताणायची नाही मला. वंश आणि जात एक नव्हेत, यावर विद्वान भरपूर वाद घालतात, घालोत. पण महाराष्ट्रात या दोन दुःखांची ओळख आजची नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियात शिकायला गेले, तिथून हार्लेम चालत जाण्याच्या अंतरावर. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. आणि १९७२ साली मुंबईत पोरांनी संघटना काढली तेव्हा नाव सरळ पँथर ठेवलं. त्यामुळं कराडच्या पोरानं एला वॉटसनच्या खोलीत डोकावणं यात आगंतुक असं काही नाही. मी गेलो तो चुकीच्या दारानं, एवढंच.

पार्क्स पुढं ‘लाइफ’ मासिकाचा पहिला कृष्णवर्णीय स्टाफ फोटोग्राफर झाला. १९४८ मध्ये त्यानं हार्लेममधल्या एका सतरा वर्षांच्या टोळीप्रमुखाबरोबर आठवडे घालवून शेकडो फोटो काढले. छापले गेले एकवीस, आणि संपादकांचा भर मारामारीवर. घरकाम करणारा, आईच्या जवळ असलेला पोरगा बऱ्याच अंशी काँटॅक्ट शीटवरच, म्हणजे सगळ्या निगेटिव्हच्या छोट्या प्रिंट एकत्र काढलेल्या कागदांवरच राहिला. फोटो काढणारा एक असतो आणि निवडणारा दुसरा, हे ज्यानं पाकीट कंडक्टरच्या हाती दिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते १९५० सालचं काम, कारण त्यात तो स्वतः अडकला. ‘लाइफ’नं त्याला काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांवर कथा करायला सांगितली. तो फोर्ट स्कॉटला परतला, तेवीस वर्षांनी, आणि प्लाझा स्कूल या काळ्या मुलांच्या शाळेतल्या आपल्या वर्गाचा शोध घेऊ लागला. अकराजण होते. गावात एकच उरली होती. बाकीचे कॅन्सस सिटी, सेंट लुइस, शिकागो, डेट्रॉइट असे पांगलेले. दोघं सोडून सगळे सापडले. त्यांचे फोटो बघा : दारात नवरा-बायको उभे, रविवारचे कपडे, मुलं पुढं. डेट्रॉइटमध्ये चर्चला निघालेलं कुटुंब, टोप्या, हातमोजे. कुणी दीनवाणं नाही. पार्क्स ज्या बाकावर बसला होता त्याच बाकावरची ही माणसं, त्यांना कसं दिसायचंय हे त्याला विचारावं लागलं नसेल. ती कथा ‘लाइफ’नं छापलीच नाही. लोकांनी ते फोटो एकत्र पाहिले ते २०१५ मध्ये, बॉस्टनच्या संग्रहालयात. त्याच कॅन्ससमधून निघालेल्या खटल्यावर १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. पार्क्सचे फोटो त्याआधीच काढून तयार होते.

१९५६ मध्ये तो अलाबामात गेला, मोबील गावी. हे फोटो रंगीत आहेत, आणि त्या रंगांनी गंमत केलीय. अन्याय आपण काळ्यापांढऱ्यात बघायला सरावलोय. तिथं तो गुलाबी, आकाशी, शेवाळी रंगात समोर येतो, काल-परवाचा वाटतो. एका डिपार्टमेंट स्टोअरबाहेर एक तरुण बाई आणि तिची छोटी भाची, दोघी नटूनथटून. वर लाल निऑनची पाटी, काळ्यांसाठीचं दार दाखवणारी. बाईच्या आतल्या कपड्याचा पट्टा दंडावर घसरलाय. पन्नासहून जास्त वर्षांनी ती बाई या फोटोबद्दल बोलली. ती त्या दारानं आत जाणारच नव्हती. भाचीला आतून पॉपकॉर्नचा वास आला होता, तिला ते हवं होतं, आणि मागच्या दारानं न जाता पॉपकॉर्न कुठून आणावं याच विचारात ती उभी होती. फोटोचा तिला अभिमान होता. सलत होतं एकच : तो पट्टा. चांगले कपडे घातले की आपण पहिल्या दर्जाचे आहोत असं वाटायचं, म्हणून तर ती तशी नटून निघाली होती. कुणीतरी सांगायला हवं होतं.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि उगाचच खिडकीपाशी जाऊन आलो.

त्याच कथेत एका शिक्षिकेच्या कुटुंबाचे फोटो होते आणि तिचं बोलणंही छापलं होतं. त्यापायी तिची नोकरी गेली, कुटुंबाला गाव सोडावं लागलं, ‘लाइफ’ला पैसे देऊन त्यांना दुसरीकडं बसवावं लागलं. आणि १९६८ ची हार्लेमची कथा तर मला नीट सांगताही येत नाही. आई, बाप, घरभर मुलं, कडाक्याची थंडी, भुकेपोटी भिंतीचा गिलावा खाऊन ओठ फुटलेलं लहान पोर. पार्क्स आधी नुसता येत-जात राहिला, कॅमेरा नंतर काढला. कथा छापून आल्यावर वाचकांनी पैसे पाठवले, मासिकानं भर घातली, कुटुंबाला हार्लेमबाहेर घर मिळालं. काही महिन्यांतच त्या घराला आग लागली. बाप गेला, एक मुलगा गेला. यात पार्क्सचा दोष शोधण्यात अर्थ नाही. पण तो त्या घरात परत गेला असेल तेव्हा कॅमेऱ्याची पिशवी खांद्यावर किती जड झाली असेल, हे मनातून जात नाही. त्यानं आपल्या कॅमेऱ्याला नेहमी हत्यार म्हटलं, वंशद्वेषावरचं, दारिद्र्यावरचं. आत्मचरित्राच्या नावातही तेच आहे. हत्यार म्हटलं की ते कुणाला लागेल याचा नेम नसतो, हे त्यानं अलाबामात आणि हार्लेममध्ये पाहिलं.

सिनेमाकडं तो वळला तो यानंतर लगेच. १९६९ चा ‘द लर्निंग ट्री’ त्याच्याच कादंबरीवर, चित्रीकरण फोर्ट स्कॉटमध्येच. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओसाठी चित्रपट दिग्दर्शित करणारा तो पहिला कृष्णवर्णीय. पटकथा त्याची, संगीतही त्याचं. दोन वर्षांनी ‘शाफ्ट’ आला आणि चामड्याचा कोट घालून न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून गाड्यांना न जुमानता चालणारा काळा डिटेक्टिव्ह लोकांनी डोक्यावर घेतला. अभ्यासक ‘द लर्निंग ट्री’ला जास्त मान देतात, बरोबरच आहे. पण मला ‘शाफ्ट’चा तो कोट आवडतो. १९४२ मध्ये वॉशिंग्टनच्या दुकानात जो मिळाला नव्हता, तो त्यानं अखेर कुणाच्या तरी अंगावर चढवलाच, असं वाटतं मला. हे माझं आपलं. २००६ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये वारला, त्र्याण्णव वर्षांचा होऊन, आणि पुरला गेला फोर्ट स्कॉटमध्ये.

मोबीलच्या त्या मालिकेतला आणखी एक फोटो आहे. घरातले म्हातारे नवरा-बायको सोफ्यावर ताठ बसलेत. मागं भिंतीवर त्यांचाच तरुणपणीचा रंगवलेला फोटो, आणि पुढच्या टेबलाच्या काचेखाली लेकरांचे, नातवंडांचे फोटो दाटीनं लावलेले. एला वॉटसनच्या आरशाखाली होता तसाच हा प्रकार. पार्क्सला अशा गोष्टी दिसायच्या. घरातल्या माणसांनी स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या कपड्यांत काढून घेतलेले फोटो तो आपल्या फोटोत येऊ द्यायचा.

त्या ऑक्टोबरात मी मावशीच्या घरी गेलो होतो. आठ बाय दहाची प्रिंट घेऊन, भरपाई म्हणून. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, बरी हाय म्हणाली आणि फळीवर डब्यांच्या मागं उभी केली. सोयरिकीचं काय झालं ते विचारायचं मला धाडस झालं नाही. मग ती स्टुलावर चढली आणि भिंतीवरची एक फ्रेम उतरवून माझ्यापुढं धरली. पालीच्या खंडोबाच्या जत्रेत स्टुडिओवाल्याकडं काढलेला, ती आणि तिचा नवरा. मागं रंगवलेलं तळं आणि हंस. ती नऊवारीत, खुर्चीवर. तो शेजारी उभा, हात खुर्चीच्या पाठीवर असा ठेवलेला की मनगट पुढं यावं. एका कोपऱ्यातून ओल चढत चढत त्याच्या खांद्यापर्यंत आली होती.

“ह्यो मोठा करून द्याल का? पैसं सांगा किती ते.”

फोटोवरून फोटो काढायचा तर काच काढावी लागते, नाहीतर आपलंच तोंड त्यात उमटतं. मी मागचे खिळे उचकटले. पाठीला साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा होता. फोटो बाहेर ओट्यावर, सावलीत नेऊन ठेवला. मावशी काच पदरानं पुसत माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

“घड्याळ दिसतंय न्हवं? ते आलं पायजे.”

मी खाली वाकलो. स्टुडिओवाल्याचं होतं की त्याचं स्वतःचं, चालू होतं की बंद, काही कळत नव्हतं. फोकस मी त्या घड्याळावरच केला.